रेतीचं पीठ आणि परका फौजदार

काही वर्षांपूर्वी मुलीने घरी एक इंग्रजी मालिका लावून दिली. नाव ‘वाइल्ड बिल’. २०१९ साली इंग्लंडच्या आयटीव्ही वाहिनीवर ती आली, सहा भाग झाले आणि बंद पडली. गोष्ट साधी आहे. बिल हिक्सन नावाचा एक अमेरिकन पोलीस अधिकारी (काम रॉब लो याचं) इंग्लंडातल्या लिंकनशर भागातल्या बोस्टन या गावी पोलीसप्रमुख म्हणून येतो. हे बोस्टन अमेरिकेतलं नव्हे. ज्याच्यावरून अमेरिकेतल्या शहराला नाव मिळालं ते मूळचं गाव. साहेब येताना आकडेवारी आणि आत्मविश्वास घेऊन येतो. गावाला दोन्हीचं कौतुक नसतं. हाताखालचे लोक गालातल्या गालात हसतात. खून होतात, चोऱ्या होतात, साहेबाची फजितीही होते.

हा साचा लोकप्रिय आहे. ‘डेथ इन पॅराडाइज’ या मालिकेत एक इंग्रज अधिकारी भर उन्हात कोट घालून कॅरिबियन बेटावर गुन्हे शोधत फिरतो. आमच्या पिढीने १९८५ साली दूरदर्शनवर गाजर खाणारा ‘करमचंद’ बघितला. मुंबईला काकांकडे गेलो की ‘एक शून्य शून्य’ बघायचो, त्यातले शिवाजी साटम पुढे ‘सीआयडी’मुळे देशभर पोहोचले. पण ते पोलीस त्याच शहराचे वाटत. परक्या माणसाच्या हाती गावाची चौकी ही गंमत त्यात नव्हती.

मुलीने विचारलं, ‘‘बाबा, असं खरंच कुठे झालंय का?’’ मी म्हणालो, ‘‘अगं, आपल्याच मुलखात झालंय. फक्त अमेरिकन बोस्टनला नव्हे, तर लिव्हरपूलचं पोरगं थेट निजामाच्या राज्यात.’’

त्या पोराची गोष्ट आज मांडतो आहे. गोष्ट गमतीने सुरू होते, पण तशी संपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयुष्य मोजमापाची उपकरणं तपासण्यात गेलं. वजनकाटे, दाबमापक, मीटर. तेव्हा माझी नजर त्या धंद्याची आहे, ती तुम्ही सांभाळून घ्या.

गैरमुल्की

हैदराबादेत ‘बाहेरचा’ या शब्दाला वजन आहे. इथे त्याला गैरमुल्की म्हणत. सालारजंगांनी १८६५ मध्ये जिलाबंदी करून राज्याची नव्याने घडी बसवली, तेव्हापासून उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले लोक नोकरीला आले आणि मुल्की-गैरमुल्कीचा वाद सुरू झाला तो मिटलाच नाही. १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आले. सप्टेंबर १९५२ मध्ये मुल्की आंदोलनात सिटी कॉलेजच्या परिसरात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. आमच्या विद्यानगरात जुन्या लोकांसमोर हा विषय काढला की चहा गार होतो, पण विषय संपत नाही.

या सगळ्याच्या कितीतरी आधीचा गैरमुल्की म्हणजे फिलिप मेडोज टेलर. जन्म लिव्हरपूलचा, २५ सप्टेंबर १८०८. बापाचा व्यापार बुडाला म्हणून पोरगं पेढीवर कारकुनी करू लागलं. मुंबईतल्या एका इंग्रज व्यापाऱ्याने पुढे भागीदारीची आशा दाखवली, म्हणून १८२४ साली वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला जहाजावर बसवून दिलं. मुंबईत उतरल्यावर कळलं की त्या व्यापाऱ्याचंच दिवाळं वाजायच्या बेतात आहे. आईच्या नात्यातले एक वजनदार गृहस्थ मुंबई सरकारात होते. त्यांच्या शब्दावर निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि त्याच वर्षी स्वारी औरंगाबादेला दाखल झाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. टेलर कंपनी सरकारचा नोकर नव्हता, निजामाच्या चाकरीत होता. कंपनीच्या नोकरांना पेन्शन, बढती, मान सगळं होतं. या लोकांना ते नव्हतं. म्हणजे इंग्रजांच्या पंगतीत तो जरा खालच्या पाटावर, आणि इथल्या लोकांत तर परकाच. दोन्हीकडे अर्धा पाहुणा.

अशा माणसाला एकच भांडवल असतं, ते म्हणजे भाषा. त्याने मुनशी ठेवला आणि घासूनपुसून हिंदुस्तानी शिकला. इतकी की लष्करी न्यायालयात दुभाष्याचं काम मिळालं. पुढे मराठीही शिकला. त्या काळी हैदराबादच्या रेसिडेंटांच्या देखरेखीखाली निजामाच्या परगण्यांवर इंग्रज अधिकारी नेमलेले होते. त्या व्यवस्थेत अठराच्या आसपास वय असताना टेलरला नैऋत्य भागाचा सहायक पोलीस सुपरिंटेंडंट केलं गेलं. त्याच्याच हिशेबाने त्या टापूची वस्ती दहा लाखांच्या वर. आपल्या घरातलं अठराचं पोर आठवा. त्याच्या हाती आपण गाडीची किल्ली देताना दोनदा विचार करतो.

पीठ

आता ती गमतीची गोष्ट. टेलरने म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं, ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’. ते १८७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, त्याच्या मुलीने प्रसिद्ध केलं. त्यात हा प्रसंग आहे.

दौऱ्यावर असताना एका मुक्कामी यात्रेकरूंनी त्याच्या तंबूला गराडा घातला. फिर्याद अशी की दुकानदार पिठात रेती मिसळून विकतात. भाकरी दाताखाली कचकचते. लांबून पायी आलेला माणूस, वाटेत दुसरं दुकान नाही, तो करणार काय?

टेलरने काय केलं? लगेच कुणाला पकडलं नाही. एका माणसाला पैसे देऊन गुपचूप वेगवेगळ्या दुकानांतून पीठ आणायला सांगितलं. पुड्या आल्या, तपासल्या, रेती निघाली. मी या ठिकाणी त्याला मनापासून दाद देतो. आमच्या धंद्यात याला नमुना घेणं म्हणतात आणि नमुना घेणाऱ्याने आपण कोण आहोत हे दुकानदाराला कळू द्यायचं नसतं, हा पहिला धडा असतो. विशीही न ओलांडलेल्या पोराला हे कुणी न शिकवता सुचलं.

मग दुकानदारांना तराजू-मापांसह बोलावणं गेलं. पीठ तोलायला लावलं. त्यांना वाटलं साहेबाला माल हवाय. तोलून झाल्यावर साहेब म्हणाला, आता हे तुम्हीच खा. दुकानदारांनी दंड भरायची तयारी दाखवली. साहेब बधला नाही. तुम्ही लोकांना खायला घालता, मग तुम्हाला खायला हरकत काय? कोरडं पीठ, त्यात रेती. घशाखाली उतरेना, ठसका लागला. भोवती यात्रेकरूंची गर्दी पोट धरून हसत होती. शेवटी पुन्हा भेसळ करणार नाही असं दुकानदारांनी लिहून दिलं तेव्हा सुटका झाली. पुढे त्या भागात साहेबाची ओळखच ‘पीठ खाऊ घालणारा’ अशी झाली, असं तो मोठ्या खुशीने सांगतो.

मालिकेचा पहिला भाग म्हणून यापेक्षा चांगला प्रसंग कुठला लेखक लिहील? आपल्या मंडळाच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘आणि त्या दुकानदारांना पीठ कुठून येत होतं? दळणारा कोण होता? रेती नक्की कुणी मिसळली, हे साहेबाने बघितलं का?’’ प्रश्न बरोबर होता. पुस्तकात त्याचं उत्तर नाही. नमुना चोख घेतला, पण पुढची चौकशी, बचावाची संधी, कायद्याचं कलम यातलं काही नाही. फिर्याद, तपास, निवाडा आणि शिक्षा सगळं एकाच माणसाच्या हाती आणि एकाच दुपारी. रेती खरी होती म्हणून आपण हसतो. साहेबाचा अंदाज एखाद्या दिवशी चुकला असता तर?

तरी एक गोष्ट नाकारता येत नाही. लोक त्याच्याकडे आले. गावचा पाटील, देशमुख, तिथला अमीन यांच्याकडे न जाता (किंवा जाऊन थकल्यावर) एका परक्या पोराच्या तंबूपुढे येऊन बसले. का? कारण तो त्या दुकानदारांचा कुणी लागत नव्हता. सोयरीक नाही, उधारी नाही, गावात शेत नाही. परकेपणाचा हाच खरा फायदा. आणि दुसरं, ते जे बोलत होते ते त्याला समजत होतं. परका असून भाषा येणारा: फौजदार म्हणून हे दुर्मीळ मिश्रण आहे.

हिंगोलीचा सभ्य व्यापारी

आता दुसरा भाग. इथे हसू वेगळ्या माणसाच्या तोंडी आहे.

टेलरच्या हद्दीत रस्त्याकडेला प्रेतं सापडू लागली होती. प्रवासी होते, ओळख पटत नव्हती, मारेकरी सापडत नव्हते. त्याने गस्त वाढवली, हाती काही लागलं नाही. तेवढ्यात मे १८२९ मध्ये निजाम सिकंदर जाह वारले, नासिरुद्दौला गादीवर आले आणि त्यांनी परगण्यांवरचे इंग्रज अधिकारी काढून घ्यायला लावले. आपल्या राज्यात आपला कारभार हवा, यात गैर काहीच नव्हतं. पण टेलरची पोलिसी त्याबरोबर संपली आणि तो पलटणीत परत गेला. मला तिथेच राहू दिलं असतं तर ठगांचा छडा मीच पहिल्यांदा लावला असता, ही खंत त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

मला ती खंत खरी वाटते, पण दावा पटत नाही. का, ते हिंगोलीत कळतं.

आजचं जिल्ह्याचं गाव हिंगोली तेव्हा निजामाच्या फौजेची छावणी होती. टेलरही तिथे होता. छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक व्यापारी होता. इभ्रतदार, गोड बोलणारा. टेलरने स्वतः त्याच्याशी देवघेव केलेली, इतर अधिकाऱ्यांनीही. एकदा या हरिसिंगाने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला: मुंबईहून कापड आणायचंय, परवाना द्या. परवाना मिळाला. हरिसिंगाला आधीच माहीत होतं की जवळच्याच गावचा एक व्यापारी मुंबईहून कापड घेऊन निघालाय. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना, बैलवाल्यांना वाटेत मारलं. माल सरकारी परवान्यावर उघड हिंगोलीत आणला आणि छावणीत विकला. साहेब लोकांनी तो घेतलाही असेल.

पुढे ठगीविरोधी मोहिमेत हरिसिंग पकडला गेला आणि त्याने स्वतः कबुली दिली तेव्हा हे उघड झालं. टेलरने १८३९ मध्ये लंडनहून छापलेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या आपल्या गाजलेल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हे लिहिलंय. हरिसिंगाने हा किस्सा एखादा नामी विनोद सांगावा तशा थाटात सांगितला, असंही तो नोंदवतो. पीठ खाणाऱ्या दुकानदारांना यात्रेकरू हसले होते. इथे ठग साहेबाला हसला.

एवढ्यावर थांबत नाही. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात या टोळीने माणसं मारली होती. पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली होती. माफीचे साक्षीदार एकेक जागा दाखवत गेले आणि खड्डे उकरले गेले, तेव्हा टेलर तिथे उभा होता.

आमच्या धंद्यातला एक नियम सांगतो. मीटर ज्या तारेला जोडलंय तेवढंच दाखवतं. शेजारच्या तारेत हजार व्होल्ट असले तरी काटा हलत नाही, आणि मीटर बिघडलेलंही नसतं. टेलर हा उत्तम मीटर होता. यात्रेकरूंनी त्याला जोडून घेतलं तेव्हा त्याने रेती बरोबर दाखवली. हिंगोलीत त्याला कुणीच जोडलं नव्हतं. वाटसरू मेला तर त्याच्या बाजूने बोलणारा गावात कुणी नसतो, त्याचं गाव दूर असतं. ठग नेमके असेच लोक निवडत. आणि ज्याच्यावर संशय यायचा तो माणूस साहेबाच्या रोजच्या उठबशीतला. परक्याला गावातला गरीब परका वाटतो, पण चारचौघांत नीट वागणारा व्यापारी आपला वाटतो. हा दोष फक्त टेलरचा नाही. आजही बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यात कोण भेटायला येतं, ते जरा बघा.

अप्पा

तिसरा भाग सांगायला मला जड जातो.

पोलिसी सुटल्यावर टेलरने हैदराबादेत लग्न केलं, १८३२ मध्ये. बायको मेरी पामर, इथल्या विख्यात पेढीवाल्या विल्यम पामरची मुलगी. विल्यम पामरचा बाप इंग्रज सेनाधिकारी आणि आई मुसलमान घराण्यातली. म्हणजे परका फौजदार आता हैदराबादचा जावई झाला. कोटीची रेसिडेन्सी, जिथे आता महिला विद्यापीठ आहे, तिच्या पायऱ्या त्याने किती वेळा चढल्या असतील! विद्यानगरहून कोटीला जाताना मला तो नेहमी आठवतो.

१८४१ मध्ये त्याला शोरापूरला (आजचं सुरपूर, यादगीर जिल्हा) पाठवलं. तिथलं बेडर नायकांचं छोटं संस्थान भांडणांनी पोखरलेलं होतं. राजा वेंकटप्पा नायक लहान होता. बारा वर्षं टेलरने संस्थानाचा कारभार पाहिला आणि त्या पोराला वाढवलं. राजा त्याला ‘अप्पा’ म्हणे, म्हणजे बाबा. १८५३ मध्ये राजा वयात आला, कारभार त्याच्याकडे सोपवून टेलर निघाला. त्याच वर्षी झालेल्या तहाने नळदुर्गचा भाग इंग्रजांच्या ताब्यात आला होता. टेलर तिथला मुख्य अधिकारी झाला आणि नळदुर्गच्या किल्ल्यात राहू लागला. तुळजापूर आता त्याच्याच अखत्यारीत. ‘तारा’ ही त्याची १८६३ ची कादंबरी याच तुळजापुरात सुरू होते. सोलापूरला जाताना आमच्यातले बरेच जण नळदुर्गला पाणीमहाल बघायला थांबतात. इब्राहिम आदिलशाहाने बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला तो महाल बघताना शेजारी राहिलेल्या या साहेबाचीही आठवण ठेवा.

मग १८५७ आलं. १८५८ च्या सुरुवातीला शोरापूरच्या राजाने बंड केलं. ते मोडलं गेलं. राजा हैदराबादला पळून आला, सालारजंगांच्या लोकांनी त्याला पकडून रेसिडेंटांच्या हवाली केलं. खटला उभा राहिला. आता रेसिडेन्सीला हवी होती नावं: याला फूस कुणी लावली, कोण कोण सामील होतं. कोण काढून घेणार? ज्याला तो अप्पा म्हणतो तोच.

टेलर कैदखान्यात गेला. राजा त्याच्या गळ्यात पडून रडला. टेलरने विचारलं. राजाने नाव सांगितलं नाही. आपण केलं ते कबूल केलं, दुसऱ्याचं नाव घेणार नाही म्हणाला. एकच मागणं केलं: मारायचं तर तोफेच्या तोंडी द्या, चोरासारखं फासावर टांगू नका. टेलरने हे सगळं लपवलं नाही, छापलं. हे त्याचं मोठेपण मी मानतो. फाशीची शिक्षा टळली, कैदेवर निभावलं. पण कैदेच्या जागी नेत असताना वाटेतल्या मुक्कामात पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजा मेला. वय चोविशीच्या आसपास.

मालिकेत शेवटच्या भागात परका फौजदार गावचा होतो. सगळे एकत्र बसून चहा पितात. इथे परका खरोखर आपला झाला होता, बापाइतका. आणि नेमकं त्याच क्षणी त्याला काही सांगितलं गेलं नाही. कारण तो बाप म्हणून आला नव्हता, फौजदार म्हणून आला होता. पोराला तो फरक कळला.

सांगणारे कोण, लिहिणारे कोण

तीन प्रसंग झाले. पहिल्यात लोकांनी सांगितलं. दुसऱ्यात कुणी सांगितलं नाही. तिसऱ्यात ज्याला ठाऊक होतं त्याने सांगायला नकार दिला. फौजदाराची हुशारी तिन्ही वेळा तीच होती. फरक पडला तो समोरच्या माणसामुळे. म्हणून मला वाटतं, परक्या फौजदाराची कुठलीही गोष्ट ही मुळात त्याच्या अकलेची गोष्ट नसतेच. लोक त्याला काय सांगायचं ठरवतात, त्याची असते.

पण एक चौथी तऱ्हा आहे, ती म्हणजे बोलायला लावण्याची. ठगीची मोहीम माफीच्या साक्षीदारांवर चालली. बोल, नाहीतर फास. १८३६ च्या कायद्याने तर अमुक खून केला हे सिद्ध करायची गरजच ठेवली नाही. ठगांच्या टोळीत होता एवढं ठरलं की जन्मठेप. ‘कन्फेशन्स’चा नायक अमीर अली अशाच साक्षीदारावरून घडवलेला आहे. आपल्या हातून ७१९ माणसं मेली असं तो सांगतो. हा आकडा मोजायला कुणी गेलेलं नाही. आणि हे पुस्तक खुद्द राणी व्हिक्टोरियाच्या वाचनात गेलं! ठग होते, हिंगोलीचे खड्डे खोटे नाहीत. पण जीव वाचवण्यासाठी दिलेली साक्ष किती खरी मानायची, यावर अभ्यासक आजही भांडतात, आणि ते भांडण योग्य आहे.

माणसाने काय केलं यापेक्षा तो कुणाच्या टोळीतला आहे हे बघायची ही सवय पुढे वाढतच गेली. १८७१ मध्ये इंग्रजी मुलखात गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, हे जुने सोलापूरकर सांगतील. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्याने पुसला गेला. लोकांच्या मनातून पुसला गेला का, ते आपण आपल्याला विचारावं.

यावर उत्तर आलं ते टेलरच्याच जुन्या मुलखातून. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा भाग होता. नळदुर्ग त्याच जिल्ह्यातलं. ज्यांच्या दारात पोलीस रात्री-अपरात्री येत, ज्यांना नुसत्या जातीवरून उचलून नेत, त्या घरातला मुलगा स्वतः लिहीत होता. माफी मिळावी म्हणून नव्हे. कुणी साहेबाने विचारलं म्हणूनही नव्हे.

मी ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ आणि ‘उचल्या’ ही दोन पुस्तकं कपाटात शेजारी ठेवली आहेत. टेलर मला आवडतो. तो दुष्ट नव्हता, ऐतखाऊ नव्हता, इथल्या भाषा शिकला, इथे लग्न केलं, चुका छापल्या. १८७६ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर मेंतोन येथे तो वारला, तोवर मन इकडेच होतं हे त्याच्या पुस्तकांवरून दिसतं. पण त्याच्या पुस्तकात त्या पीठवाल्या दुकानदारांना नाव नाही. फिर्याद घेऊन आलेल्या यात्रेकरूंना नाव नाही. पुडीत पीठ घेऊन आलेल्या त्या माणसाला नाव नाही, आणि खरं म्हणजे ती केस त्याने सोडवली होती.

मंडळाच्या तरुण सभासदांना एक काम सुचवतो. तुमच्या आजोळच्या गावी जुन्या लोकांना विचारा, निजामाच्या काळचा अमीन कोण होता, कुठून आला होता, लोक त्याला काय म्हणत. कोतवालीतले शिपाई कोण होते. पोलीस अ‍ॅक्शननंतर बाहेरचा साहेब आला तेव्हा त्याच्याकडे पहिल्यांदा कोण गेलं आणि कोण गेलं नाही. नव्वदीतली माणसं अजून थोडी आहेत. उमरग्याला माझी मावशी होती, तिला हे सगळं ठाऊक होतं. मी सुट्टीत जाऊन तिच्या हातची भाकरी खाल्ली, नोकरीच्या गप्पा मारल्या आणि परत आलो. विचारायचं राहून गेलं. ती गेली तेव्हा मी टेलरचं पुस्तक दुसऱ्यांदा वाचत होतो.